दुकानातली गादी

गादीवाल्या बाईंचा सुनेवर एकच राग होता, पण तो चांगला भरगच्च होता. काही विचारलं की ती उत्तराऐवजी पाणी आणून द्यायची. “कुठून आणली ही गादी?” “पाणी घेता का, आई?” “किती वर्षं झाली हिला?” “इथे सारखं पाणी प्यावं लागतं, आई. कळत नाही, पण अंगातलं उडून जातं.” पाच दिवसांत बाई इतकं पाणी प्यायल्या होत्या, की आपण वाळवंटातल्या शहरात आलोय की विहिरीत पडलोय, हेच त्यांना कळेना.

बाईंनी चाळीस वर्षं गाद्या भरल्या होत्या. शाळा दुसरीतच सुटली. पण मूठभर कापूस हातात दिला, की तो कधी पिंजला आणि मधे कोणी ओल मारून वजन वाढवलं का, हे त्या डोळे मिटून वाचायच्या. मुलगा या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने आईला आठवडाभर बोलावलं होतं. “सात दिवस नुसता आराम कर,” म्हणाला. आता, आराम ही गोष्ट बाईंना कधी मानवली नव्हती. मुलगा-सून स्वतः बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपू लागले आणि आपला पलंग त्यांनी आईला दिला. बाई त्या पलंगावर टेकल्या आणि टेकल्याबरोबर उठल्या.

“कुठल्या गाढवाने भरली ही?”

मुलाने बायकोकडे पाहिलं. बायकोने भिंतीकडे पाहिलं.

“दुकानातली आहे,” सून म्हणाली.

“आणि तुम्ही इकडे निघालात तेव्हा मी भरून दिलेली?”

“ती... वर आहे. माळ्यावर. नीट बांधून ठेवलीय.”

बाईंना बरं वाटलं. चांगली वस्तू जपायची आणि फालतू वापरायची, ही शहाण्या घराची रीतच असते. पण त्या फालतूवर झोपायचं त्यांच्या नशिबी आलं होतं. मधे खड्डा, कडेला टेकाड, आणि बरोबर माकडहाडाखाली एक गठळी, नारळाएवढी. वरची खोळ फुलाफुलांची, जाड, चारही बाजूंनी शिवून टाकलेली. आत डोकावायलाही जागा नाही. अशी गादी आपल्या दुकानात कोणी भरली असती, तर त्याला आपण त्याच गादीत घालून शिवला असता, असं त्या रोज सकाळी न चुकता म्हणायच्या.

बाकी करायला काही नव्हतंच. सून कामाला हात लावू देत नव्हती. बाई या खोलीतून त्या खोलीत जायच्या आणि त्या खोलीतून या खोलीत यायच्या. मुलाने एक दिवस रजा काढून वाळूच्या टेकड्या दाखवायला नेलं. लांबच लांब, नुकत्याच पिंजलेल्या कापसासारख्या. “हे सगळं वारा करतो, आई,” तो कौतुकाने म्हणाला. “बरंय. वाऱ्याला तरी काम आहे,” बाई म्हणाल्या. मग काचेच्या थंडगार बाजारात नेलं. तिथे बाकावर बसवलं, उठवलं, दुसऱ्या बाकावर बसवलं.

त्यांचा जीव तुटायचा तो उन्हासाठी. गॅलरीत रुमाल वाळत घालावा आणि दुसरा चिमटा लावेपर्यंत पहिला रुमाल पापडासारखा ताठ! त्यांच्याकडची हवा दमट. कापसाला कोरडं ऊन मिळावं म्हणून बाईंनी आयुष्यभर आभाळाची मनधरणी केली होती. आणि इथे एवढं बावनकशी ऊन दारात उभं, तर लोक पडदे ओढून त्याला नकोशा पाहुण्यासारखं बाहेर ठेवत होते. कोणाच्या गॅलरीत एक उशीसुद्धा दिसायची नाही. बाईंच्या हातांना अक्षरशः खाज सुटायची.

सहाव्या दिवशी, मुलगा कामावर गेल्यावर, त्यांनी पदर खोचला.

“उद्या मी जाणार. आज त्या दुकानदाराला बघायचाय.”

“आई, पाणी...”

“पाणी आता त्यालाच पाजते!”

सून “अहो, ऐका तरी” म्हणेपर्यंत बाईंनी गादीची वळकटी केली, चादरीत बांधली आणि ओढत लिफ्टमध्ये घातलीसुद्धा. आत एक माणूस किंवा एक गादी मावेल एवढीच जागा. बाई गादीसकट घुसल्या. दार लागताना वळकटीचं एक टोक फटीत अडकलं. लिफ्ट दीड मजला उतरली, कण्हली आणि थांबली.

सून जिन्यातून खाली, वर, पुन्हा खाली धावली. शेजारीपाजारी जमले. कोणीतरी लिफ्टच्या कंपनीला फोन लावला. कंपनीने सगळ्यांत जवळचा माणूस पाठवला. त्याने येऊन दार उचकटलं आणि आत पाहिलं, तर वळकटीवर मांडी घालून त्याची आई बसलेली.

“आई?”

“लिफ्ट तुमचीच का रे? गादीसारखीच आहे.”

चार जणांनी मिळून आधी गादी काढली, मग बाईंना काढलं. बाहेर आल्या आल्या बाईंनी जमलेल्यांना सगळी हकिगत सांगितली. खड्डा सांगितला, टेकाड सांगितलं, गठळी दोन्ही हातांनी दाखवली. “ज्याने ही भरली ना, त्याची आज चारचौघांत लाज काढते की नाही बघा!”

मुलाचा चेहरा उतरला. “आई, ऐक ना, ती गादी...”

“काय ती गादी?”

त्याने आईच्या डोळ्यांत पाहिलं आणि जे काय बोलायचं होतं ते गिळलं. “जड आहे गं. टॅक्सी करून देतो.” एवढं म्हणून त्याला एकदम दुसऱ्या इमारतीतली लिफ्ट आठवली आणि तो पाय लावून पळाला. “अगदी बापावर गेलाय,” बाई म्हणाल्या.

टॅक्सीच्या टपावर गादी, खिडकीतून दोरी धरून बसलेली सून आणि पुढच्या सीटवर ताठ बसलेल्या बाई. रस्त्यावर माणूस म्हणून नव्हता. जे होते ते भिंतीला चिकटून, सावलीच्या पट्ट्यातून चालत होते.

“कुठलं दुकान?” ड्रायव्हरने विचारलं.

सुनेजवळ सांगायला दुकान कुठलं असणार! जुन्या बाजारात शिरल्यावर पहिल्या ज्या दारात गाद्या रचलेल्या दिसल्या, तिकडे तिने बोट केलं. दुकानदार “आमची नाही” म्हणेल, आई चार शब्द सुनावतील, आणि मिटेल, असा तिचा हिशोब होता.

दुकानदार म्हातारा, वाळलेला, भुवयांवर कापूस बसलेला. त्याने गादीकडे नुसतं पाहिलं. “आमची नाही.”

“सगळे चोर असंच म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“बाई, तीस वर्षांत मला कोणी चोर म्हटलं नाही.”

“मग आज ऐका.”

शेजारच्या दुकानांतली माणसं गोळा झाली. म्हाताऱ्याचाही स्वाभिमान दुखावला. “उघडतो. चारचौघांत उघडतो. आमचा माल निघाला, तर दुकान बंद करतो!” त्याने कात्री उचलली.

“नको, नको!” सून ओरडली. “काका, फाडू नका!”

पण फुलाफुलांची खोळ टरकन फाटली. आत दुसरी खोळ होती, जुनी, निळ्या पट्ट्यांची. चार-चार बोटांवर एक टाका, आणि कोपऱ्याकोपऱ्यात उलटी घेऊन मारलेली दुहेरी गाठ. तशी गाठ सबंध जगात एकच बाई मारायची.

बाईंनी त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

दुकानदार मात्र रंगात आला होता. “शिलाई बघा, शिलाई! एक टाका हललेला नाही. आणि कापूस बघा.” त्याने मूठभर गठळ्या उपसून काढल्या. “ओला भरलाय. ज्याने भरला त्याला कळत होतं की ओला आहे. हात कळता आहे ना! तरी भरला. कोणी भरली हो ही?”

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती लाल झाली, पांढरी झाली.

“होत्या एक बाई आमच्याकडे,” ती म्हणाली. “वारल्या.”

“सुटल्या!” दुकानदार म्हणाला. “आणि गिऱ्हाइकंही सुटली.”

बाईंनी हळूच सुनेला विचारलं, “कधी गं वारली?”

“पाणी आणू का, आई?”

बाईंना सगळं आठवलं. लग्न होऊन मुलगा आठ दिवसांत इकडे यायला निघालेला. आठही दिवस आभाळ कुंद. कापूस वाळेना, म्हणून त्यांनी तो चुलीच्या उबेला ठेवला, विस्तवाशेजारी पसरला, शेवटी कडेचा कोरडा आणि मधला ओला असा हाताला लागत असतानाही भरला. पोरगं रिकाम्या हातांनी जायला नको. त्याच्या अंगाच्या उबेने वाळेल, असं स्वतःलाच सांगितलं. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं, तर बाईंनी त्याच्या कानाखाली जाळ काढला असता.

आता गप्प राहिलं असतं, तर झाकली मूठ राहत होती. वारलेल्या बाईला कोण काय बोलणार? पण दुकानदाराला तेवढ्यावर राहवलं नाही. “असल्या बायकांच्या हाती दाभण देऊच नये,” तो लोकांना म्हणाला.

“ती बाई मेलेली नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासमोर उभी आहे. गच्ची आहे का तुमच्याकडे?”

म्हातारा गोंधळला. “आहे की.”

“ऊन येतं?”

“बाई, इथे दुसरं काय येतं?”

गच्चीवर बाईंनी गादी उसवली आणि कापूस पसरला. वाऱ्याने त्यातला थोडा शेजारच्या भांड्यांच्या दुकानात नेला, तिथून शिव्या आल्या, त्या बाईंनी व्याजासकट परत पाठवल्या. नऊ वर्षांचा कुबट वास दोन तासांत उडाला. गठळ्या हातांनी मोकळ्या करताना त्यांच्या बोटांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वस्थ वाटलं. सून पत्र्याच्या सावलीत बसून गठळ्या फोडत होती.

“फेकून का नाही दिलीस?”

“टोचू नये म्हणून आधी वरून जाड खोळ शिवली. तरी दोनदा काढली होती बाहेर. हे म्हणाले, आईला कळेल.”

“एवढ्या लांबून?”

“तुम्हाला कळतं,” सून म्हणाली. तिचाही तसाच विश्वास होता.

“बरं, मी आले त्या दिवशी तरी बोलायचंस.”

“बोलणारच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, कुठल्या गाढवाने भरली. मग कुठल्या तोंडाने सांगू, की...” ती थांबली.

“की काय?”

“की आई, बरोबर बोललात.”

दोरा ओवून देणारा म्हातारा दुसरीकडे तोंड करून खोकला. बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तसा खोकला थांबला. कापूस पुन्हा खोळीत गेला, कोपऱ्यात गाठी पडल्या. शेवटचा दोरा बाईंनी दातांनी तोडला आणि गादीवर थाप मारली.

“झोप.”

“इथे? गच्चीवर? माणसं बघताहेत, आई.”

“बघू देत. झोप म्हणते ना!”

सून पदर सावरून आडवी झाली. नऊ वर्षांत प्रथमच तिची पाठ सरळ टेकली. म्हातारा वाकून बघत होता. भांड्यांचा दुकानदारही जिन्यात येऊन उभा राहिला. बाई कमरेवर हात ठेवून वाट पाहत होत्या.

“कशी आहे?”

“छान आहे, आई.” मग सुनेने मान जराशी वळवली, एक मोठा श्वास घेतला आणि डोळे गच्च मिटून घेतले. “फक्त डाव्या अंगाला थोडी उंच झालीय.”

म्हाताऱ्याच्या हातून दोऱ्याची गुंडी पडली. बाई वाकल्या. डाव्या कडेवरून त्यांनी तळहात फिरवला, एकदा, दोनदा. मग सुनेच्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या, जणू ती आज पहिल्यांदाच घरात आली होती.

“आहे,” त्या म्हणाल्या. “बोटभर उंच आहे. नऊ वर्षं नुसती सोसत राहिलीस, म्हणून मला वाटलं मुलाने घरात मुकी मेंढी आणलीय. आता कुठे तू माझी सून शोभतेस. ऊठ, उसवू दे.”