रेषेपुढचं चालणं

यंदा आपण रडणार नाही, हे दीपाने आदल्या दिवशीच साऱ्या घराला ठणकावून सांगितलं होतं. ऐकायला घरात आई, इंदूबाई, एकटीच होती, तो भाग वेगळा!

आर्णीच्या दौडीत पळणं तिला नवीन नव्हतं. नवीन होती ती शेवटच्या रेषेपुढची वाट. दरवर्षी तिथे बाबा उभे असायचे. ती धापा टाकत आली, की वामनराव पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बसू नोको! चाल. काळीज अजून पळून राह्यलं, त्याले हळूहळू घरी आण." मग बापलेक पुढच्या चिंचेच्या झाडापर्यंत रमतगमत जायची. दिवाळीत बाबा गेले. यंदा ते चालणं एकटीने आणि कोरड्या डोळ्यांनी करायचं, एवढाच तिचा पण.

दौड झाली. नंबर विचारू नका. तिच्या मागे फक्त एक कुत्रं होतं! रेष ओलांडून दीपा न थांबता चिंचेकडे चालू लागली.

"अवं, कुठी चालली?" शेजारच्या कांताबाई ओरडल्या. "दौड सरली नं!"

"मावशी, मले थोडं चालायचं हाय."

"इतकं पळून अजून चालायचंच म्हणते? ऊन लागलं हिले! रामधन, खुर्ची आण!"

मंडपवाला रामधन खुर्ची डोक्यावर घेऊन धावला. कांताबाईंनी कमरेचा कांदा उपसला. ऊन लागलेल्याला कांदा फोडून हुंगवतात. म्हणून होळी झाली की त्या कांदा खोचूनच फिरत, जमादाराने पिस्तूल खोचावं तशा!

"बस माय, बस!"

"अशी एकदम बसली तर चक्कर येईन, मावशी!"

"पाहा, चक्करबी आली!"

दीपाने पाय उचलला. मागून खुर्ची आली, खुर्चीमागून कांदा आला. ती भरभर चालू लागली, तशी ती दोघं पळूच लागली. लाउडस्पीकरवाल्याला राहवेना. "मंडळी, चुरस अजून बाकी आहे!" त्याने जाहीर करून टाकलं. लोक टाळ्या वाजवू लागले!

चिंचेखाली दीपा हाती लागली. पण कांताबाई आल्या तशा खुर्चीत धप्पकन बसल्या आणि चुन्यासारख्या पांढऱ्या पडल्या.

"दीपे... चिंच काहून फिरून राह्यली वं?"

दीपाने त्यांना सावलीत आडवं केलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवले. रामधन धापा टाकत झाडाच्या मुळावर टेकणार, तोच ती कडाडली, "बसू नोको, भाऊ! चाल. काळीज अजून पळून राह्यलं!"

रामधन निमूट चालू लागला. दीपा मात्र जागीच थबकली.

कांताबाईंच्या तोंडावर रंग आला. घोटभर पाणी पिऊन त्या उठल्या. दीपाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तिघं चिंचेभोवती हळूहळू फिरू लागली. पाण्याची बाटली घेऊन आलेल्या इंदूबाई हे पाहतच राहिल्या.

"ऐकलं म्या तिकडून," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटलं, तेच बोलून राह्यले."

दीपाचे डोळे भरून वाहू लागले.

"काही नाही वं आई," ती घाईघाईने म्हणाली. "मावशीचा कांदा झोंबला."

कांताबाईंनी मूठ उघडली. कांदा सालीसकट अख्खा होता!