सत्तर वादक आणि एक कपाट

"एक मिनिट बाराव्या सेकंदाला जे वाजतं ना, ते तेवढं वेगळं काढून पाठवा," फोनवर संगीत विकणाऱ्या कंपनीच्या बाई म्हणाल्या. "दिग्दर्शक वेडे झालेत त्याच्यापायी. कुठलं वाद्य आहे हो ते?"

"ते... जरा दुर्मिळ आहे," संगीतकार म्हणाला.

"वाटलंच मला! मग वादकाचं नाव पण लिहून द्या. चारपर्यंत हवंय हं. मालिकेचा शेवटचा भाग आजच पक्का होतोय."

फोन ठेवल्यावर एक मिनिट बाराव्या सेकंदाला नेमकं काय वाजतं ते ऐकायला संगीतकार बसला. आपलंच संगीत पुन्हा ऐकायचं म्हणजे त्याच्या अंगावर काटा यायचा. अकरा वर्षं तो घरातल्या मागच्या खोलीत बसून वाद्यवृंदाचं नाट्यमय संगीत रचत होता. तणाव, त्याहून मोठा तणाव, विश्वासघात, युद्धापूर्वीची शांतता. हे कुठल्या एका चित्रपटासाठी नसायचं. रचायचं, कंपनीच्या भांडारात ठेवायचं, आणि कुणी परवाना घेऊन उचलेल म्हणून वाट बघायची. सत्तर वादकांचा ताफा होता, पण तो सगळा संगणकात. खरं वाद्य एकच, एक जुनं चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आणि ते तो स्वतःच वाजवायचा.

आजवर त्याचा 'विश्वासघात' फरश्यांच्या एका जाहिरातीत चार सेकंद वाजला होता. तेव्हा त्याने मोठ्या उत्साहाने बाबांना हाक मारली होती. बाबांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हे तुझं होय? मला वाटलं नळ चालू राहिला."

आता मात्र बाबांच्या रोजच्या मालिकेने त्याचं संगीत घेतलं होतं. घर सोडून निघालेली आई उंबरठ्यावर थांबते, त्या प्रसंगाला. मालिका संपताना नावं येतात, त्यांत त्याचं नाव येणार होतं, आणि समोर बाबा बसलेले असणार होते. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याने अकरा वर्षं कंबर मोडून घेतली होती, हे तो कुणापाशी बोलला नव्हता इतकंच.

त्याने कानाला हेडफोन लावले. चेलो वर चढत गेलं, थांबलं, आणि मग आलं, "कर्र्र्र... ईईईक्."

त्याने कपाळाला हात लावला. तो आवाज त्याला लहानपणापासून पाठ होता. पलीकडच्या खोलीतलं बाबांचं लाकडी कपाट. तो चेलो वाजवत असताना बाबांनी कपाट उघडलं होतं आणि तो आवाज चेलोला असा चिकटला होता की आता कुणाच्या बापाला वेगळा काढता आला नसता. आधीच पुन्हा ऐकायचा कंटाळा, म्हणून ते तसंच भांडारात गेलं होतं.

पण कपाट तर घरातच होतं. माइक घेऊन तो पलीकडे गेला आणि त्याने दार उघडलं. दार मुकाट्याने उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. हूं की चूं नाही.

"बाबा, या दाराला काय झालं?"

"तेल घातलं परवा," बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. "सहा महिने सांगत होतो तुला. शेवटी मीच घातलं."

"बाबा, तो आवाज दिग्दर्शकांना आवडलाय!"

"कुणाला?"

सांगत बसायला वेळ नव्हता. बारा वाजून गेले होते. संगीतकाराने भांडी घासायचा साबण आणला, एक जुना टूथब्रश आणला आणि बिजागऱ्या घासघासून कोरड्या केल्या. दार हलू लागलं तसं आतल्या आत कुरकुरू लागलं. आतले कपडे आवाज खात असतील म्हणून त्याने सगळं कपाट पलंगावर उपसलं. मग आवाज आला, पण रिकाम्या डब्यात ओरडल्यासारखा. म्हणजे त्या दिवशी कपाट भरलेलं होतं. त्याने सगळं परत कोंबलं. मग त्याला आठवलं की तेव्हा आत जाड रजयाही होत्या, म्हणून माळ्यावरून त्या काढल्या आणि धुळीने पाऊण तास शिंकत बसला.

अडीचला बायको शाळेतून शिकवून आली. पलंगावर रजया, जमिनीवर साबणाचं पाणी, आणि नवरा कपाटात डोकं घालून बसलेला.

"काय शोधतोयस?"

"आवाज."

तिने पर्स ठेवली. "आणि माझा टूथब्रश का इथे?"

"मला जुना वाटला गं."

"कालच आणलाय!"

हा सगळा तमाशा बघून बाबा शेवटी उठले. "सरक बाजूला. असं नाही वाजत ते. वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळ्या काढतोय त्यातनं. दार खालून गुडघ्याने उचलावं लागतं. आणि मग सोडायचं, पण हळू."

बाबांनी गुडघा लावला. दार उचललं. "कर्र्र्र... ईईईक्." अगदी तेच!

"बाबा, थांबा! तसंच पुन्हा. मी हात खाली केला की सुरू करा."

पहिल्या वेळी बाबा खोकले. दुसऱ्या वेळी फोन वाजला. तिसऱ्या वेळी बाबांनी मधेच विचारलं, "बरं येतंय ना?" सातव्या वेळी त्यांचा गुडघा आणि कपाट दोन्ही एकदम वाजले, ते पुसून आठव्यांदा घेतलं. चारला पाच मिनिटं कमी असताना आवाज कंपनीला गेला. सुट्या आवाजाच्या कागदावर रचनाकाराचा रकाना नसतो, फक्त वादकाचा असतो. संगीतकाराने घाईघाईत तिथे बाबांचं नाव टाकलं आणि जमिनीवर आडवा झाला.

शेवटचा भाग लागला तेव्हा तिघंही टीव्हीसमोर बसले होते. आई पिशवी घेऊन उंबरठ्यावर आली. संगीतकाराने टीव्हीचा आवाज वाढवला. आता सत्तर वादक हळूहळू वर चढणार होते. कुणीच चढलं नाही. सगळीकडे शांतता. आईने दार ढकललं. "कर्र्र्र... ईईईक्." ती गेली. बायकोने डोळ्यांना पदर लावला.

मग नावं आली. कपडे, केस, गाड्या. संगीतात दुसऱ्याच कुणाचं नाव. आणि सगळ्यांत शेवटी, 'विशेष वादन', त्यापुढे बाबांचं पूर्ण नाव.

संगीतकाराचा फोन वाजला. बाईंचा निरोप होता. "दिग्दर्शक म्हणाले, त्या वाद्यापुढे बाकीचं संगीत नुसता गोंगाट वाटतं, म्हणून काढलं. वादकांना आमचा नमस्कार सांगा."

त्याने नमस्कार सांगितला. बाबा सरकत सरकत त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"वाईट वाटून घेऊ नकोस रे," बाबा म्हणाले. "मी नव्हतो समजत, पण फार अंगमेहनतीचं काम आहे हे. तुझंही नाव येईल एक दिवस."

"हो बाबा."

"आणि उद्या वाजवायला बसायचं किती वाजता? सकाळी नको हं. सकाळी माझा गुडघा लागत नाही."