साल संपली

एका जंगलात, मुलांनो, बोलणे सुरू होण्यापूर्वी बोलण्याचे प्रकार ठरले होते.

जंगलाच्या मधोमध थोरले गजमहाराज बसत. साऱ्या जंगलात डोके एकच, ते त्यांचे. प्रजेने आपले वापरू नये, असा संकेत होता. महाराजांशी बोलायचे असेल, तर द्वारपाल करकोचेपंत वेलीचे एक टोक महाराजांच्या सोंडेला आणि दुसरे तुमच्या पायाला बांधत. याला ‘गाठ पडणे’ म्हणत. गाठ कोणत्या प्रकारची, हे जन्मतःच ठरलेले असे.

दुसऱ्या प्रकारच्या प्राण्यांनी महाराज दाखवतील तेवढे पाहायचे आणि विचारतील तेवढ्याचे उत्तर द्यायचे. तिसऱ्या प्रकारच्यांनी महाराज सांगतील ते झाडाच्या सालीवर कोरायचे, बोलायचे नाही. सहावा प्रकार बरोबरीने बोलणाऱ्यांचा. तो शास्त्रात होता, जंगलात नव्हता. पहिला, चौथा आणि पाचवा काय होते, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याच प्रकाराला नव्हता.

ठकोजी सुतारपक्षी तिसऱ्या प्रकारचा. महाराज सांगत आणि तो ठकठक कोरत असे. कोरल्याशिवाय हुकूम लागू होत नसे. महाराजांपुढे त्याला एकाच वाक्याची मुभा होती : ‘साल संपली.’

एके दिवशी महाराज सांगू लागले, “आम्हांस पाठ खाजवण्यास जागा अपुरी पडते. सबब नदीकाठचा, ढोली असलेला जुना अर्जुन पाडून...”

‘ढोली’पाशी ठकोजीची चोच थबकली. त्या ढोलीत त्याची ठकूबाई अंड्यांवर बसली होती.

नशिबाने महाराजांना डुलकी लागली. ठकोजी पायाची गाठ सोडून घरी उडाला.

“अहो, मग सांगा ना त्यांना,” ठकूबाई म्हणाली.

“मी तिसऱ्या प्रकारचा आहे.”

“ते मला लग्नापासून ठाऊक आहे. पण पिले उडेपर्यंत तरी झाड उभे राहिले पाहिजे.”

ठकोजी करकोचेपंतांकडे गेला. “पंत, माझा प्रकार बदलून द्या.”

“त्यासाठी विनंती करावी लागते. तिसऱ्या प्रकाराला विनंती नसते.”

“मग आत्ता करतोय ती?”

“ती मी ऐकत नाहीये,” पंत एका पायावरून दुसऱ्या पायावर जात म्हणाले. “तुला एक वाक्य दिले आहे ना? त्यात भागव.”

ठकोजीने त्यात भागवायचे ठरवले.

महाराज जागे झाले. “हां, तर तो जुना अर्जुन...”

“साल संपली,” ठकोजी म्हणाला.

“मग आणवा. तसा हुकूम काढा.”

“हुकूम कोरावा लागतो, महाराज,” पंत म्हणाले.

“मग कोरा.”

“साल संपली.”

महाराज विचारात पडले, आणि पडूनच राहिले. ठकोजीच्या पायाशी सालीचा ढीग होता. महाराजांची दृष्टी दूरची. पायाजवळचे त्यांना दिसत नसे. दुसऱ्या प्रकारच्यांना ढीग दिसत होता. पण महाराजांनी तो दाखवलेला नव्हता, म्हणून त्यांनी पाहिला नाही.

हुकूम थांबले. सशांना कानांची लांबी कळवावी लागेना. माकडे परवानगीवाचून उड्या मारू लागली. जंगल प्रथमच गुण्यागोविंदाने नांदू लागले. ढोलीत अंडी फुटली, पिलांना पंख फुटले आणि एका सकाळी ती उडून गेली.

त्या दिवशी ठकोजी मुकाट्याने पुन्हा कोरू लागला. अर्जुन पडला. जंगलाला टंचाईतून बाहेर काढल्याबद्दल करकोचेपंतांचा जाहीर सत्कार झाला. त्याचा हुकूमही ठकोजीनेच कोरला. ‘गाठ पडली ठका-ठका’ ही म्हण तेव्हापासूनची, असे जंगलातले पंडित सांगतात. दुसरा ठक कोण, एवढ्यावरच त्यांच्यात मतभेद आहेत.

सत्काराच्या गर्दीत एक म्हातारा ससा ठकोजीजवळ सरकला.

“ठकोजीराव, साल पुन्हा कधी संपायची?”

ठकोजीने इकडेतिकडे पाहिले. “घरी विचारून सांगतो,” तो पुटपुटला. “नवी ढोली कालच धरली आहे.”

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांपुढे नेहमी खरेच बोलावे. मात्र परवानगी एकाच वाक्याची असेल, तर ते खरे ठेवण्याची जबाबदारी परवानगी देणाऱ्यावर सोपवावी.