नानांची रात्रपाळी

आमच्या शेजारचे तानाजीनाना रिक्षात बसले की ‘डावीकडं घे’ म्हणत नाहीत, ‘पोर्टला घे’ म्हणतात. सांगलीच्या रिक्षावाल्यांना पोर्ट कुठलं हे ठाऊक नसल्यामुळं नाना बऱ्याचदा चालतच घरी येतात. गाव कवठे महांकाळ, जिथं विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटतात. पण नोकरी केली नौदलात. निवृत्त झाले तरी स्वयंपाकघराला ते ‘गॅली’च म्हणतात. रोज सकाळी गच्चीवर जाऊन वारा बघून येतात आणि मला, एका शाळामास्तराला, त्याची दिशा कळवतात. मी कधीही विचारलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या दोस्ताची शिडाची बोट रत्नागिरीहून गोव्याला न्यायची होती. “लय सोपं हाय मास्तर. तुमी नुसतं बसायचं,” असं सांगून त्यांनी मला नेलं.

बसू दिलंच नाही. दोरीला दोरी म्हटलं की ओरडा, शिट्टी वाजवली की ‘वादळ बोलावता का’ म्हणून ओरडा. दुपारी किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी कठड्यावर वाकलो, तर मागून शांतपणे दुरुस्ती आली, “वाऱ्याकडं तोंड करून न्हाई वकायचं, मास्तर.” तोवर उशीर झाला होता. सूर्य बुडाला तेव्हा त्यांनी मला धरून बसवून तो बघायला लावला आणि वेळ वहीत लिहून घेतली. सांगलीला पोचलो की या माणसाशी बोलणं बंद, असं मी ठरवून टाकलं.

बोटीवर आम्ही दोघंच, त्यामुळं रात्री आळीपाळीनं जागायचं होतं. दोनला ते मला उठवणार होते. जाग आली ती थेट उजाडताना. मी डेकवरच पडलो होतो. अंगावर नानांचं जाकीट, आणि घसरून पाण्यात जाऊ नये म्हणून माझ्या कमरेला दोरी. तिचं दुसरं टोक नानांच्या कमरेला. ते सुकाणू धरून बसले होते, डोळे लालभडक.

उठवलं का नाही, म्हणून मी चिडलोच.

तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं नाव त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच घेतलं. “शालन आजारी व्हती तवा रातभर जागायचो. ती गेली तरी झोप येत न्हाई, आन जागून करायचं काय तेबी कळत न्हाई. काल तुमी झोपला व्हता. बरं वाटलं.”

एवढं बोलून ते पुन्हा समोर बघू लागले. किनारा दिसायला अजून तासभर होता. मी कूस वळवली आणि झोप अजिबात येत नसताना डोळे मिटून पडून राहिलो.