टोचून बोललेला हरभरा

गौरीशंकर सरांनी पाचवीच्या वर्गात खिडकीवर तेलाचे दोन रिकामे डबे ठेवले. दोन्हींत एकाच वावरातली माती, प्रत्येकी पाच हरभरे. एका डब्याशी एकवीस दिवस गोड बोलायचं, दुसऱ्याला टोचून. टोचलेली रोपं सुकतात, असं सरांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पोरांची चिडवाचिडवी थांबवण्याचा हा उपक्रम केंद्रप्रमुखांना पसंत पडला, तर उपक्रमशील शिक्षकांच्या यादीत सरांचं नाव जाणार होतं. नळदुर्गच्या आसपास त्या यादीत अजून कुणी नव्हतं.

"पुढच्या बाकावरचे गोड बोलतील. सोमेश, तू मुख्य," सर म्हणाले. "मागची ढेकळं टोचून बोलतील. शिवलीला, तुला जमंल. दुसरं काय जमतंय तुला?"

"पण बोलायचं काय, सर?"

"आता तेबी म्याच सांगू? डोकं हाय का रिकामा डबा?"

शिवलीलानं ते वहीत उतरवून घेतलं.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. इथं दोन बदलल्या. पुढच्या बाकावरची नऊ पोरं रोज "राजा", "सोन्या" म्हणायची आणि प्रेमाच्या भरात प्रत्येकी एक पेला पाणी ओतायची. मागच्यांना फक्त बोलायचं काम होतं. शिवलीलाच तेवढी चार दिवसांनी ओंजळभर पाणी शिंपडायची; हरभऱ्याला पाणी लई झालं की तो जातो, हे तिला घरच्या रानात कळलं होतं.

विसाव्या दिवशी गोड डबा पिवळा पडून आडवा झाला. टोचलेला डबा हिरवागार होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी सरांनी वर्गासमोरच दोन्ही डब्यांवरच्या 'गोड' आणि 'टोचून' या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. "कुणी तोंड उघडलं तर बघा," असंही सांगितलं.

अकराला केंद्रप्रमुख रोहिणी मॅडम आल्या. सुकलेली रोपं पाहून हळहळल्या.

"बोलण्यानं एवढं होतं? काय बोलायचा गं तुम्ही?"

शिवलीलानं वही उघडली, एक हात कमरेवर ठेवला आणि अगदी सरांच्या आवाजात वाचलं, "डोकं हाय का रिकामा डबा? खायला काळ अन् भुईला भार. तुझ्यापरीस भिंतीला शिकवलं असतं तर ती पास झाली असती."

पुढच्या बाकावरची पोरं हसली नाहीत. सर हसल्याशिवाय ती कधीच हसत नसत.

"हे कुठून गोळा केलंस?"

"वर्गातनंच, मॅडम. तारखा टाकल्यात."

मॅडमनी वही चाळली. मग रोपांकडं पाहिलं, मग मागच्या बाकांकडं.

"एकवीस दिवसांत रोपांची ही गत झाली. ही पोरं किती दिवस ऐकतायत?"

"तिसरीपास्नं," शिवलीला म्हणाली.

सरांनी कपाळ पुसलं. "मॅडम, तसं काही नसतं हो. ते पाणी जास्त झालंय. चिठ्ठ्या मीच बदलल्या सकाळी. हे हिरवंगार दिसतंय ना, तेच टोचून बोललेलं. बोलण्यानं काडीचा फरक पडत नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के."

मॅडमनी अहवालात लिहिलं : 'शिक्षकांचा निष्कर्ष – बोलण्याने काडीचाही फरक पडत नाही.' खाली सरांची सही घेतली. मागच्या बाकावरून शिवलीलाचा हात वर झाला.

"सर, मग उद्यापास्नं आमी ह्ये तुमाला बोललं तर चालंल का? वहीत लई शिल्लक हाय."

सरांनी मॅडमकडं पाहिलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

ते बघून मुख्य गोड बोलणारा सोमेश उठला आणि पेला भरून घेऊन आला. त्याच्यामागं पुढच्या बाकावरची आणखी आठ पोरं, आपापला पेला घेऊन.