आहेरात गेलेली सायकलची विजार

"कापडाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायचं न्हाई!"

उदगीरच्या बाजारात हे वाक्य कानावर पडलं की खुशाल समजावं, उमाशंकरआप्पा दुकानात आहेत. "डोळे बांधा, हातात नुसती चिंधी द्या. पोत सांगतो, वीण सांगतो, धुतल्यावर किती आटंल ते बी सांगतो!" आणि सांगायचेही, खोटं कशाला बोला. गिऱ्हाईक पायरी चढून राहिलंय तोवर त्याच्या कमरेचं माप आप्पांच्या डोक्यात तयार.

असा हा माणूस! आणि त्याला स्वतःच्या दोन पायांत काय घालावं ते ठरवता येईना!

झालं असं की आप्पांची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. आप्पांनी झोकात सायकल घेतली आणि तिच्याबरोबर बुडाला गादी शिवलेली हाफ चड्डीही घेतली. ती चड्डी पहिल्यांदा बघितली तेव्हा दानम्मा, म्हणजे त्यांच्या घरच्या, तडक देवघरात जाऊन बसल्या.

"अय्यय्यो! आजोबा व्हायला आलात! मांड्या दाखवत फिरायची ही काय तऱ्हा?"

पावसाळा कसाबसा निघाला. मार्गशीर्ष लागला आणि हत्तीबेटाच्या टेकडीकडं जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेचा वारा असा बोचू लागला, की आप्पांचे गुडघे घरी आल्यावरही वाकायला तयार होईनात. आता काहीतरी लांब आणि उबदार पाहिजे. त्यात काय एवढं? दुकान आपलं, शिंपी आपला! आप्पांनी जाड कॉर्डरॉयची विजार शिवून घेतली. पहिल्याच उताराला तिचा पायचा साखळीत अडकला आणि आप्पा सायकलीसकट कुणाच्या तरी तुरीत गेले. मग आतून लोकरीची विजार घातली. चढावर तिच्यात घाम सुटला, घामानं खाज सुटली आणि आप्पा एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं खाजवत घरी आले. समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं गाडी बाजूला घेऊन वाट दिली.

शेवटी मोबाइलवर ती दिसली. काळी, अंगाला घट्ट बसणारी, आतून मऊ लव, पोटरीवर चमकणारी पट्टी, बुडाला गादी. आप्पांचा जीव जडला. पण घ्यायची कशी? दसऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत ह्याच आप्पांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "जो ऑनलाइन कपडा मागवंल, त्याचं तोंड बघायचं न्हाई!" शेजारच्या दुकानाचे ग्यानोबा तर टाळ्या वाजवता वाजवता उभेच राहिले होते.

आप्पांनी मागवली! हात न लावता, पोत न बघता, चित्रावर भरवसा ठेवून मागवली. भर दुपारी, बाजार पेंगत असताना पार्सल घेतलं आणि त्याचा कागद फाडून गटारीत टाकला.

मग काय विचारता! माकडटोपी डोळ्यांपर्यंत ओढायची आणि उजाडायच्या आत हत्तीबेट गाठायचं. गुडघे कसे लोण्यासारखे वळू लागले. प्रश्न उरला तो ठेवायची कुठं एवढाच. आप्पांचं डोकं त्यातही चाललं. आपल्याकडं कुठल्याही घरात आहेराचं एक कपाट असतंच. त्यात टॉवेल-टोप्या, पीस, साड्या, धोतरजोड्या. ह्याच्याकडून आलेलं त्याला द्यायचं, आणि तेही खोका न उघडता! ह्याहून सुरक्षित जागा दुसरी कुठली? आप्पांनी ती पँट आपल्याच दुकानाच्या धोतरजोडीच्या खोक्यात घडी करून घातली, ओळखू यावी म्हणून वरून लाल दोरा बांधला आणि खोका आहेराच्या कपाटात सरकवून दिला. आपल्या हुशारीवर ते त्या दिवशी दोनदा हसले.

आता वर्षाराणीचं सांगितलं पाहिजे. ही आप्पांची एकुलती एक लेक, देगलूरला दिलेली, तिथंच शाळेत शिक्षिका. बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला. आणि तिचे सासरे गुरुपादप्पा यांनी निरोप धाडला, आता नोकरी पुरे. घरची सून चारचौघांत फिरते, लोक काय म्हणतील? जावई भला माणूस, पण बापापुढं त्याच्या तोंडातून चकार शब्द निघत नसे.

वर्षाराणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना. "आप्पा, तुमी बोला ना त्यांच्याशी. शाळा सुटली तर मी गुदमरून जाईन."

"माझ्यावर सोड!" आप्पा म्हणाले. "बारशाला येतेत ना? असा आहेर करतो की व्याही खुश. पान वाढलं की विषय काढतो."

आहेराचं महत्त्व आप्पांना चांगलंच मालूम होतं. लग्नात गुरुपादप्पांची टोपी द्यायची राहून गेली होती, तर त्यांनी वर्षभर फोन उचलला नव्हता.

बारशाचा दिवस उजाडला. पाळणा सजला, दारात चपलांचा ढीग पडला. ग्यानोबा आणि बाजारातली मंडळी सतरंजीवर बसली. गुरुपादप्पा आले, पांढरं शुभ्र धोतर, कपाळावर भस्म आणि चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही.

"शरणु शरणार्थी!"

"शरणु शरणार्थी, पावणे!"

पाळण्याजवळ बसायचं ते नव्या कपड्यात, म्हणून व्याह्यांचा मान आधी. दानम्मांनी खोक्यावर कुंकू लावून ताट पुढं केलं. आप्पा विहीणबाईंच्या साडीचा पदर ताटात नीट करण्यात गुंतलेले. त्यांनी वर न बघताच खोका उचलला आणि वाकून व्याह्यांच्या हातात दिला.

"घालून या, पावणे! घालून या!" सगळे ओरडले. गुरुपादप्पा खोका घेऊन आतल्या खोलीत गेले. कडी लागली.

दानम्मा आप्पांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुमी निवडून ठेवलेलीच दिली बरं का. लाल दोऱ्याची."

आप्पांच्या हातातला पदर सुटला.

"लाल... दोऱ्याची?"

"हाव. मनात म्हणलं, एवढा दोरा बांधून येगळी ठेवलीय, ती पावण्यांसाठीच असंल."

आप्पा कसे धावले म्हणता! दाराला तोंड लावून म्हणाले, "व्याही! ओ व्याही! खोका बदललाय, जरा थांबा!"

"गप बसा!" आतून आवाज आला. "एक पाय गेलाय!"

"तो बाहेर काढा, पावणे!"

"आहेराला न्हाई म्हणायची आमच्या घराण्यात रीत न्हाई!" मग धडपडल्याचा आवाज, कॉटवर काही आदळल्याचा आवाज, आणि बराच वेळ नुसत्या धापा.

दार उघडलं.

वर नेहरू शर्ट, कपाळावर भस्म, आणि गुडघ्याखाली काळेभोर घट्ट पाय. पोटरीवरची पट्टी ट्यूबलाइटच्या उजेडात लखलख करून राहिलेली! गुरुपादप्पा पाय फाकवून, नुकतंच बैलावरून उतरल्यासारखे, चालत आले आणि मंडळींच्या मधोमध उभे राहिले. विहीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. पाळण्याजवळची एक पोरगी फिस्सकन हसली आणि आईचा धपाटा खाऊन गप्प झाली.

गुरुपादप्पांनी मागं हात नेऊन चाचपलं.

"पावणे, ही मागं गादी कशापायी? तुमच्या घरी बसायला सतरंजी न्हाई म्हणून शिवूनच दिली का?"

गुरुपादप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"लग्नात टोपी दिली न्हाई, मी गिळलं. आज चार माणसांत मला तमाशातला सोंगाड्या केलं! कुणाची अक्कल ही?"

आणि इथं आप्पांच्या हातून घडू नये ते घडलं. जिभेवर जे पहिलं आलं ते निघून गेलं.

"ते... हिनं दिलं. हिलाच काही समजत न्हाई."

दानम्मांनी त्यांच्याकडं फक्त बघितलं. हातातलं कुंकवाचं ताट त्यांनी खाली ठेवलं. वर्षाराणी बाळाला छातीशी धरून दारात उभी होती, तीही बघत होती. आप्पांना वाटलं, आत्ताच्या आत्ता तुरीच्या शेतात जाऊन पडावं आणि पुन्हा उठूच नये. इतकी लाज त्यांना हाफ चड्डीत कधी वाटली नव्हती.

"न्हाई," ते म्हणाले. "खोटं बोललो. तिचा काही दोष न्हाई. ती पँट माझी हाय. सायकलची. मीच लपवून ठेवली होती."

"तुमची?" गुरुपादप्पांचे डोळे बारीक झाले. "एवढा दुकानदार, नातवाचा आज्जा, हे घालतो? मला येडा समजून राहिले का?"

"रोज घालतो, पावणे. पहाटे. माकडटोपी घालून."

"आँ!" ग्यानोबा सतरंजीवरून अर्धे उठले. "म्हणजे तो काळ्या पायांचा तुमी व्हय? अख्खा बाजार इचारून राहिलाय की कोण येडा हाय म्हणून!"

तरीही गुरुपादप्पांचा विश्वास बसेना. ते आत गेले, पुन्हा धडपड झाली, आणि धोतर नेसून बाहेर आल्यावर त्यांनी ती पँट आप्पांच्या खांद्यावर टाकली.

"घालून या. तुमची असंल तर बसंल. न्हाईतर आमी निघालो देगलूरला. सुनेला आन् नातवाला घेऊन."

आप्पांनी लेकीकडं बघितलं आणि आत गेले. जी पँट चढवायला गुरुपादप्पांचा दम निघाला होता, ती आप्पांनी एका झटक्यात चढवली. बाहेर आले. जावई, विहीण, व्यापारी, शेजारपाजारच्या बाया, सगळ्यांसमोर, मान खाली घालून उभे राहिले. शर्टाचं टोक खाली ओढत होते, पण शर्ट काही वाढेना.

"फिरा," गुरुपादप्पा म्हणाले.

आप्पा फिरले.

आधी गुरुपादप्पांच्या मिश्या हलल्या. मग खांदे हलले. आणि ज्यांना पोराच्या लग्नातही कुणी हसताना बघितलं नव्हतं, ते गुरुपादप्पा भिंतीला हात टेकून हसू लागले. डोळ्यांतलं पाणी उपरण्यानं पुसलं की पुन्हा आप्पांकडं बघायचे आणि पुन्हा हसायचे.

"व्याही," आप्पा पडलेल्या आवाजात म्हणाले, "पान वाढल्यावर इचारणार होतो... पोरीची शाळा..."

"जाऊ द्या की शाळेत!" गुरुपादप्पा दम खात म्हणाले. "सून बाहेर फिरली तर लोक काय म्हणतील, ह्याची मला काळजी होती. जिचा बाप हे घालून गावभर फिरतो, ती साडी नेसून शाळेत गेली तर लोक आणखी काय म्हणणार? हाय ती इज्जत तुमी आधीच घालवून बसला!"

वर्षाराणी रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना. ती बापाजवळ आली, पण त्यांच्या पायांकडं नजर गेली आणि तोंड फिरवून पळाली.

ग्यानोबा उठून जवळ आले. कापड व्यापारीच तो! आप्पांच्या मांडीवरचं कापड चिमटीत धरून म्हणाले, "माल झकास हाय. आपल्या बाजारातला न्हाई. कुठून आणला?"

आप्पांना दसऱ्याची बैठक आठवली. दानम्मा मध्येच म्हणाल्या, "मी शिवलीय घरी." नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या. आणि ते ऐकून आप्पांची मान होती त्याहून खाली गेली.

"न्हाई," ते पुटपुटले. "ऑनलाइन मागवली."

ग्यानोबांनी आप्पांकडं बघितलं. मग मागं बसलेल्या बाजाराकडं बघितलं. मग आप्पांच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "लिंक धाडा."

आप्पा दानम्मांकडं वळले. "अगं, चुकलं माझं. मी तुला..."

"ते मागून बघू," दानम्मा ताट उचलत म्हणाल्या. "आधी ती काढा. लेकराचं नाव ठेवायचं राहिलंय अजून!"