दत्तूदादाची झोप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार, सांभाळून घ्या. पण भरदुपारी सोसायटीच्या गेटसमोर, सगळ्यांना दिसेल असा मुद्दाम झोपणारा माणूस अख्ख्या डोंबिवलीत दुसरा नसेल, म्हणून दत्तूदादावर लिहितेय.

दत्तूदादा शाळेची व्हॅन चालवतो. मुलांना सांभाळायला मागे मी बसते. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, तव्याची काजळी बोटाने ओढल्यासारखी. नवीन पालक गाडी नंतर बघतात, आधी ते डोळे. म्हणून तो बाकड्यावर आडवा होऊन घोरतो. म्हणतो, झोप म्हणजे ड्रायव्हरचं दुसरं लायसन. शेजारी कोणी खाकरलं तर डोळे न उघडता सांगतो, "बघून घ्या, फुकट आहे."

यंदा शाळा सुरू झाली आणि एका आईने त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हा माणूस रात्री झोपतो का? रविवारी मीटिंग ठरली. व्हॅन बंद झाली तर त्याचं काम जाणार, माझंही. 

रविवारी मी मुलीची मेकअपची ट्यूब घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं, दादा, थोडं लावते, झाकून जाईल. एरवी त्याने चेष्टा केली असती. त्याने खिशातून एका बाईचा जुना फोटो काढला. डोळ्यांखाली तीच काजळी.

"आईकडून आलेत गं हे. ती खरंच झोपायची नाही, आम्ही झोपावं म्हणून. मला झोप मिळाली, वर तिचे डोळेही. झाकू कशाला?"

मी हात पुढे केला. जरा थांबून त्याने फोटो माझ्या हातावर ठेवला.

मीटिंगमध्ये तो खाली मान घालून उभा राहिला. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. तरी उठले. म्हटलं, "मी रोज दादांच्या मागे बसते. एकदाही डुलकी पाहिली नाही. आणि ही त्यांची आई."

फोटो हातोहात फिरला. ग्रुपवर लिहिणारी ती आई तो धरून बसली. तिच्या मांडीवर तान्हं होतं, तिच्याही डोळ्यांखाली काळं.

"उद्या व्हॅन किती वाजता येईल?" तिने विचारलं.

आता तो फोटो गाडीत गणपतीशेजारी असतो. दादा अजून गेटसमोरच झोपतो. मी म्हटलं, आता कोणाला दाखवायचंय? तर म्हणाला, घरी दुपारी फार सामसूम असते गं.